आर.सी. बुकातली ती एक ओळ

कुपवाडच्या एमआयडीसीत गाडी भरायला लागली की मालक-ड्रायव्हरच्या हाती दोन-तीन तास मोकळे येतात. मागे हमाल माल लावत असतात, टपावर ताडपत्री आणि दोर तयार असतात, आणि हा गडी केबिनमध्ये डायरी काढून बसतो. स्टिअरिंगला टेकवलेल्या अशा डायऱ्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. पानाच्या डोक्यावर कुपवाड ते वाशी किंवा मिरज ते इंदूर. त्याखाली ठरलेलं भाडं, मिळालेला ॲडव्हान्स, राहिलेली बाकी. मग डिझेल, तासवड्याचा टोल, आनेवाडीचा टोल, वाराई, क्लीनरचा भत्ता, पंक्चर, दोन वेळचं जेवण. सगळ्यांत शेवटी एक आकडा आणि त्याभोवती पेनानं काढलेला गोल. त्या खेपेला हातात उरलेले पैसे ते एवढेच.

अशा माणसाला विचारलं, “मालक, रिटर्न भरता का?” तर उत्तर ठरलेलं असतं. “फायनान्सचा हप्ता गेल्यावर उरतंय काय? टॅक्स कशावर भरू?”

प्रश्न खोटा नाही. पण त्यामागे एक समज असतो की, आयकर खातं ही डायरी मागणार, प्रत्येक पावती मागणार, आणि आपण तिथे कमी पडणार. छोट्या गाडीमालकाच्या बाबतीत कायदा डायरी उघडतच नाही. तो आर.सी. बुक उघडतो आणि त्यातली एकच ओळ वाचतो. भरलेल्या गाडीचं एकूण वजन किलोत दिलेलं असतं, ती ओळ. पासिंगच्या वेळी आरटीओत, टायर बदलताना दुकानात, काट्यावर गाडी चढवताना ड्रायव्हरला हा आकडा तोंडपाठ असतो. आयकराचा हिशेबही त्याच आकड्यावर चालतो, हे मात्र त्याला सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

आयकर कायदा १९६१ मधलं हे कलम ४४एई. ज्याच्याकडे वर्षभरात कोणत्याही दिवशी दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नव्हत्या, त्याला ते लागू होतं. वर्षाची उलाढाल किती, याची अट त्यात नाही. गाड्या मोजायच्या, रुपये नाहीत. गाडीचं भरलेलं एकूण वजन १२,००० किलोंच्या वर असेल, तर प्रत्येक टनामागे दरमहा १,००० रुपये हे त्या गाडीचं उत्पन्न धरलं जातं. वजन १२,००० किलो किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे पिकअप, छोटा हत्ती, लहान आयशर, तर टन मोजायचे नाहीत. गाडीमागे दरमहा सरसकट ७,५०० रुपये.

२८ टनांची दहाटायरी घेऊ. २८ गुणिले १,००० म्हणजे महिन्याला २८,००० रुपये, वर्षाला ३,३६,०००. ४२ टनांची चौदाटायरी असेल तर वर्षाला ५,०४,०००. छोट्या हत्तीचे वर्षाला ९०,०००. हे आकडे खर्च वजा केल्यानंतरचे समजायचे. डिझेल, टोल, इन्शुरन्स, टायर, पगार, कर्जावरचं व्याज, घसारा, सगळं गेल्यावर उरलेलं उत्पन्न म्हणून कायद्यानं ते स्वतःच ठरवून टाकलं आहे. त्यामुळे त्यातून पुन्हा हप्ता किंवा डिझेल वजा करता येत नाही. त्या बदल्यात हिशेबाच्या वह्या ठेवण्याची आणि त्या लेखापरीक्षकाकडून तपासून घेण्याची सक्ती सुटते.

ही सोय आजची नाही. १९९४ च्या वित्त कायद्यानं, मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, ती आली. तेव्हा जड गाडीमागे महिन्याला २,००० रुपये धरायचे. रस्त्यावर धावणाऱ्या माणसाकडून वह्यांची अपेक्षा धरली तर तो कर भरायला येणारच नाही, हे सरकारला उमगलं होतं. पुढे रक्कम वाढत गेली आणि २०१४ मध्ये लहान-मोठ्या सगळ्याच गाड्यांना ७,५०० रुपये लावले गेले. चार वर्षं एक विचित्र अवस्था होती. गल्लीत सिलिंडर पोहोचवणारा टेम्पो आणि कोळसा वाहणारा मोठा ट्रेलर यांचं उत्पन्न कागदावर सारखंच. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती चूक दुरुस्त झाली आणि जड गाड्यांना टनाचा हिशेब लागला. माझ्या मते ही दुरुस्ती न्याय्य होती. ज्याची गाडी मोठी त्याचं भाडं मोठं, हे कुपवाडातल्या कुठल्याही ट्रान्सपोर्ट ऑफिसात सांगतील.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आला आहे. नव्या कायद्यात ही तरतूद कलम ५८ मध्ये आहे आणि टनाचा दर तोच आहे. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्यानं भरायचं, म्हणून इथे कलमांचे जुनेच क्रमांक ठेवले आहेत. ट्रान्सपोर्ट ऑफिसातही भाड्यातून कर कापण्याच्या कलमाला अजून काही वर्षं लोक “१९४सी” असंच म्हणतील.

आता बारकावे, कारण चुका तिथेच होतात. महिना अपुरा असला तरी पूर्ण धरतात. २८ ऑगस्टला गाडी घेतली तर ऑगस्ट अख्खा मोजायचा. ऑगस्ट ते मार्च आठ महिने, २८ टनांच्या गाडीचे २,२४,००० रुपये. गाडी गॅरेजला इंजिन उघडून पडली असेल, पावसाळ्यात भाडं नसेल, तरी महिना सुटत नाही, कारण कायदा गाडी धावली का हे विचारत नाही, गाडी तुमची होती का एवढंच विचारतो. फायनान्सवर घेतलेली गाडी हप्ते संपेपर्यंत कंपनीची, असं बरेच जण म्हणतात. आयकरापुरती ती पहिल्या दिवसापासून तुमचीच. उलट, दुसऱ्याच्या गाडीवर पगारानं किंवा खेपेवर जाणाऱ्या ड्रायव्हरला हे कलम नाही, कारण त्याच्या नावावर गाडीच नाही.

आर.सी.वर नाव कुणाचं, हाही प्रश्न आपल्याकडे सैलपणे हाताळला जातो. पैसे नवऱ्याचे, गाडी चालवणार नवरा, पण नोंदणी बायकोच्या नावावर. मग विवरणपत्र तिच्या नावानं भरून टाकायचं. नवऱ्यानं दिलेल्या पैशातून आलेली मिळकत बायकोच्या नावावर असली तरी तिचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं, असा कायदा आहे. तिनं स्वतःच्या पैशानं किंवा स्वतःच्या नावच्या कर्जानं गाडी घेतली असेल आणि हप्ते ती फेडत असेल, तर गोष्ट वेगळी.

कर किती बसतो? २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांना ५ टक्के, ८ ते १२ ला १० टक्के, १२ ते १६ ला १५ टक्के. आणि एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे २८ टनांच्या तीन गाड्या असलेल्या माणसाचं धरलेलं उत्पन्न १०,०८,००० रुपये होतं आणि दुसरी कमाई नसेल तर त्याला एक रुपयाही कर नाही. चौथी गाडी आली की उत्पन्न १३,४४,००० होतं. त्यावर २०,००० अधिक ४०,००० अधिक २१,६००, मिळून ८१,६०० रुपये कर, वर ४ टक्के उपकर, एकूण ८४,८६४. पगारदारांचे पावणेतेरा लाख तुम्ही पेपरात वाचले असतील. त्यातले ७५,००० पगार किंवा पेन्शन घेणाऱ्यांची प्रमाणित वजावट म्हणून आहेत. गाडीमालकाला ते मिळत नाहीत. त्याची रेषा १२ लाखांवरच.

कुपवाड, मिरज, सांगलीतल्या एक-दोन गाड्यांच्या मालकाचं उत्तर त्यामुळे जवळजवळ ठरलेलं आहे: कर शून्य. आणि इथेच तो म्हणतो, “लागतच नाही तर भरायचं कशाला?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की, बाकी सगळा लेख बाजूला ठेवून याचंच उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं.

पहिलं कारण छोटं आहे, पण पैशाचं आहे. ट्रान्सपोर्ट कंपनी किंवा कारखाना तुमच्या भाड्यातून कलम १९४सी खाली १ टक्का कापतो. एका वेळचं भाडं ३०,००० च्या वर किंवा वर्षाचं मिळून १ लाखाच्या वर गेलं की ही कापणी सुरू होते. वर्षाला ३५ लाखांचं भाडं झालं तर ३५,००० रुपये सरकारजमा होतात. तुमचा कर शून्य, म्हणजे हे सगळे पैसे तुमचे. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. शिवाय वर्षभरात २५,००० किंवा त्याहून जास्त कापले गेले असतील, तर विवरणपत्र भरणं बंधनकारकच आहे, उत्पन्न कितीही असो. पॅन दिलाच नाही तर २० टक्के कापतात. दोन वर्षं असे वीस टक्के कापून घेतलेला एक जण मला भेटला होता. त्याला ते कमिशन वाटत होतं. पॅनच न दिल्यामुळे ती रक्कम त्याच्या नावावर जमाही दिसत नव्हती.

ही कापणी मुळात थांबवता येते आणि त्यासाठी साधा कागद पुरतो. दहा किंवा त्याहून कमी गाड्यांच्या मालकानं पॅनसह लेखी दिलं, की देणाऱ्यानं कर कापायचा नाही. मजकूर असा चालतो: “मी खाली सही करणार मालवाहतुकीचा व्यवसाय करतो. चालू आर्थिक वर्षात कोणत्याही दिवशी माझ्या मालकीच्या मालवाहू गाड्या दहापेक्षा जास्त नव्हत्या व नाहीत. पुढे जास्त झाल्यास लगेच कळवीन. माझा पॅन अमुक, गाडी क्रमांक एमएच १० अमुक.” खाली तारीख, सही, सोबत पॅनची झेरॉक्स. ज्या ज्या ऑफिसचं भाडं घेता, त्या प्रत्येकाला एप्रिलमध्ये एक प्रत द्यायची आणि आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं कारण बँकेचं. गाडीमालकाला पगाराची स्लिप नसते. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असो, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज असो की घराचं, बँक मागची दोन-तीन विवरणपत्रं मागते. ती नसली की माणूस खासगी फायनान्सच्या दारात जातो आणि जास्त व्याज मोजतो. फरक किती, हे ज्याचं त्यानं आपल्या हप्त्याच्या कागदावर पाहावं.

तिसरं कारण लिहिताना हात जड होतो. पण पुणे-बेंगळुरू महामार्गावर गाडी घालणाऱ्या प्रत्येक घरानं ते माहीत करून घ्यायला हवं. समोरच्याच्या चुकीनं अपघात होऊन मालक-ड्रायव्हर गेला, तर त्याच्या घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. तिथे पहिला प्रश्न असतो, “ते कमवत किती होते?” न्यायाधिकरणाचा हिशेब सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये आणि प्रणय सेठी खटल्यात २०१७ मध्ये घालून दिलेल्या चौकटीत चालतो. मृताचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं; तो स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला असेल तर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवायचे; चार ते सहा जण अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा भाग वजा करायचा; आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचं. ३६ ते ४० वयाला हा गुणक १५ आहे.

समजा वय ३८, घरात आई, पत्नी आणि दोन मुलं. विवरणपत्रात एका दहाटायरीचं ३,३६,००० उत्पन्न दाखवलेलं आहे. ४० टक्के वाढ धरून ४,७०,४००. चौथा भाग वजा होऊन ३,५२,८००. गुणिले १५ म्हणजे ५२,९२,००० रुपये. आता तेच घर, पण विवरणपत्र कधी भरलेलंच नाही. मग न्यायाधिकरण अंदाजानं उत्पन्न धरतं, बहुतेकदा मजुरीच्या दराच्या आसपास. महिन्याला १२,००० धरले असं समजू. त्याच पायऱ्यांनी हिशेब २२,६८,००० वर येतो. तीस लाखांचा फरक, आणि तो पडला एका न भरलेल्या फॉर्मनं, ज्यावर कर शून्यच येणार होता. विमा कंपनीचा वकील असाही मुद्दा मांडतो की, गाडी तर वारसांकडे राहिलीच आहे, मग उत्पन्न सगळं कुठे गेलं. आणि न्यायाधिकरण कधी कधी त्यामुळे आकडा खाली आणतं. तरीही हातात विवरणपत्र असलेलं कुटुंब आणि डायरीतली पानं दाखवणारं कुटुंब यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. विवरणपत्र हा कायद्यानं भरलेला कागद असल्यानं उत्पन्न ठरवताना न्यायालयं त्याला वजन देतात. अपघातानंतर घाईघाईनं भरलेल्याला तेवढं देत नाहीत.

चूक आपल्याच माणसाची असेल तर या दाव्याचा उपयोग नाही. तिथे इन्शुरन्समधलं मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण कामाला येतं. २०१८ पासून ते किमान १५ लाखांचं आहे. पॉलिसीच्या कागदावर ती ओळ आहे ना, हे आज गाडीतच बघून घ्या.

म्हणूनच एक विनंती. कलमातच म्हटलं आहे की, टनाच्या हिशेबाचं उत्पन्न किंवा तुम्ही स्वतः खरोखर कमावल्याचं सांगता ते, यांपैकी जे जास्त असेल ते धरायचं. हळदीच्या हंगामात चांगली भाडी मिळाली आणि वर्षाला पाच लाख सुटले, तर पाचच लाख लिहा. १२ लाखांच्या आत कर तसाही शून्य आहे. कमी दाखवून वाचत काही नाही. बँकेसमोर आणि, देव न करो, न्यायाधिकरणासमोर तो कमी आकडाच तुमची किंमत ठरवतो. केबिनमधली ती डायरी इथे उपयोगी पडते. बँक खात्यात वर्षाला ३५ लाख जमा दिसतात आणि विवरणपत्रात साडेतीन लाख, असं का, हे कधी विचारलं गेलं तरीही डायरीच उत्तर देते. फक्त डिझेलच्या आणि टोलच्या पावत्यांवर विसंबू नका. त्या उष्णतेनं छापलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिल्या की जूनपर्यंत कोरा कागद हातात येतो. भरल्या भरल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फास्टॅगचा वर्षाचा उतारा बँकेकडून मिळतो.

गाडी विकताना मात्र याच सोप्या कलमात एक खड्डा आहे आणि तो फारसं कुणी दाखवत नाही. टनाच्या हिशेबानं उत्पन्न दाखवलं म्हणजे घसारा वजा केला नाही, असं मालकाला वाटतं. कायदा म्हणतो, घसारा तुम्हाला मिळाला आहे असंच धरलं जाईल. भाड्यानं चालणाऱ्या ट्रकला घसारा वर्षाला ३० टक्के. मे २०२० मध्ये ३० लाखांना घेतलेली गाडी कागदावर पहिल्या वर्षाअखेर २१ लाखांची, मग १४,७०,०००, मग १०,२९,०००, मग ७,२०,३००, आणि मार्च २०२५ अखेर ५,०४,२१० रुपयांची उरते. त्यानंतरच्या वर्षात ती १२ लाखांना विकली आणि त्या वर्षी दुसरी गाडी घेतली नाही, तर ६,९५,७९० रुपये अल्पमुदतीचा भांडवली नफा धरला जातो. मालकाच्या डोळ्यांसमोर ३० लाखांची गाडी १२ लाखांना गेलेली, १८ लाखांचं नुकसान. आणि कायद्याच्या लेखी सात लाखांचा फायदा. एकच गाडी असेल तर एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत राहून कर शून्यही येईल, पण ते दाखवावं लागतं, आणि त्या वर्षी सुगम हा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. त्याच आर्थिक वर्षात नवी गाडी घेतली तर तिची किंमत या हिशेबात येते आणि नफा बहुधा उरत नाही. मार्चच्या शेवटी जुनी विकून एप्रिलमध्ये नवी घेणाऱ्यांनी एवढ्यासाठी चार दिवस पुढे-मागे करून पाहावेत. गाडी विकली त्या वर्षापुरतं चार्टर्ड अकाउंटंटकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आगाऊ करातही एक फसगत होते. किराणा दुकानदाराला अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत सगळा आगाऊ कर १५ मार्चला एकदम भरता येतो. ती सवलत गाडीमालकाला नाही. वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण भरायचा. वर उदाहरण दिलेल्या चार गाड्यांच्या मालकाला हे लागतं. एक-दोन गाड्यांवाल्यानं यावर झोप घालवू नये.

जीएसटीची भीती मला अनाठायी वाटते, म्हणून थोडक्यात. बिल्टी फाडणारी ट्रान्सपोर्ट कंपनी जीएसटीच्या कक्षेत येते. आपली गाडी तिला भाड्यानं देणाऱ्या मालकाच्या सेवेला माफी आहे. बिल्टी न फाडता रस्त्यानं माल नेण्यालाही माफी आहे. तुम्ही स्वतःच्या नावानं बिल्टी छापून धंदा करायला लागलात, की मग नियम बदलतात. राज्याचा व्यवसाय कर हे आणखी वेगळं प्रकरण. त्याची कमाल मर्यादा राज्यघटनेनंच वर्षाला २,५०० रुपयांवर बांधली आहे.

रोखीबद्दलही सांगायला हवं. ट्रान्सपोर्टवाला “रोख एवढेच देता येतात, बाकी खात्यात” म्हणतो तेव्हा तो टाळत नसतो. धंद्याचा खर्च म्हणून एका माणसाला एका दिवशी १०,००० च्या वर रोख दिले तर ते त्याला वजा मिळत नाहीत. मालवाहतुकीच्या भाड्यापुरती ही मर्यादा ३५,००० आहे. खात्यात आलेलं भाडं तुमच्याही फायद्याचं, कारण ते दिसतं.

टनाचा हिशेब कुणी नाकारावा? ज्याला खरोखर तोटा झाला आणि जो करपात्र आहे त्यानं. चाळीस लाखांची नवी गाडी घेतली तर पहिल्याच वर्षी घसारा १२ लाखांपर्यंत जातो, वर कर्जाचं व्याज. चार-पाच गाड्यांच्या मालकाला वह्या ठेवून, तपासणी करून घेऊन, तोटा पुढच्या वर्षांत ओढता येतो. पण दाखवलेलं उत्पन्न टनाच्या आकड्यापेक्षा कमी असलं की वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही सक्तीचे. एका गाडीवाल्याला त्या खर्चातून काही मिळत नाही, कारण कर आधीच शून्य आहे.

अमेरिकेतल्या स्वतःच्या ट्रकवाल्याची गोष्ट ऐकली की आपलं कलम किती सोपं आहे ते कळतं. तिथे त्याला प्रत्येक खर्च शेड्यूल-सी नावाच्या तक्त्यात मांडावा लागतो. नफ्यावर आयकर वेगळा आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर वेगळा. घराबाहेरच्या जेवणाला दिवसाचा ठरावीक भत्ता आहे, पण त्याच्याही ८० टक्केच वजा होतात. ५५,००० पौंड किंवा त्याहून जड गाडीला रस्ता वापरण्याचा वेगळा वार्षिक कर आणि त्याचा वेगळा फॉर्म. तिथला ड्रायव्हर वर्षभर खोक्यात पावत्या साठवतो. आपल्याकडे ज्याला आर.सी. बुक वाचता येतं, त्याला आपलं उत्पन्न काढता येतं.

प्रत्यक्ष भरणं मोबाइलवरही होतं, पण पहिल्यांदा संगणकावर बसावं. अक्षरं मोठी दिसतात. आयकराच्या पोर्टलवर पॅन टाकून आत गेलं की आधी दोन कागद उघडायचे, २६एएस आणि एआयएस. कुणी किती कर कापला, बँकेनं किती व्याज दिलं, ते तिथे आधीच लिहिलेलं असतं. ट्रान्सपोर्टवाल्यानं कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल तर फॉर्म पुढे ढकला आणि त्याला फोन लावा; तो त्याचं विवरण दुरुस्त करेल तेव्हाच ती दिसेल. मग आयटीआर-४, त्याचंच नाव सुगम. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असलेल्या रहिवासी व्यक्तीला तो चालतो. त्यात ४४एईचा तक्ता येतो. गाडीचा नोंदणी क्रमांक, गाडी मालकीची की भाडेपट्ट्याची, टन, किती महिने मालकी होती, आणि त्या गाडीचं उत्पन्न. एका गाडीची एक ओळ. किलोचे टन करताना एक शून्य जास्त पडण्याची चूक नेहमीची आहे, २८,००० किलो म्हणजे २८ टन. वर्षाअखेरची येणी, देणी आणि हातातली रोकड विचारतात. डायरीच्या मार्चच्या पानावरून ती लिहायची. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर सुगम चालत नाही, आणि आपल्या भागात गाडीबरोबर दोन एकर ऊस किंवा द्राक्षबाग असलेले बरेच आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटची मुदत पोर्टलवर दरवर्षी पाहून घ्यावी. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यावर ५,००० रुपये शुल्क. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर तेही नाही. फॉर्म पाठवल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीनं पडताळणी करायची, नाहीतर भरलेलं विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. हा नंबर बरेचदा जुना असतो, सिम कधीच बंद झालेलं असतं. ते काम आधी उरकून घ्यावं.

पोचपावती आली की तिच्या दोन प्रती काढाव्यात. एक गाडीच्या फाइलमध्ये, आर.सी., परमिट आणि पॉलिसीबरोबर. दुसरी घरी ठेवायची, आणि ती कोणत्या कपाटात, कोणत्या पिशवीत आहे, हे घरातल्या माणसाला दाखवून ठेवायचं.